जालना ते तेजू, तीन तास अठरा मिनिटं

४ जानेवारी, रविवार

तीन तास अठरा मिनिटं! फक्त!

पोराने, भारतने, मोबाइलवर काढून दाखवलं. जालना विमानतळ ते तेजू विमानतळ, अरुणाचल प्रदेश — अंतर बावीसशे त्रेचाळीस किलोमीटर, प्रवास तीन तास अठरा मिनिटं. वर नकाशा, नकाशावर लाल कमान, कमानीवर चिमुकलं विमान. आणि बायको, बेबीनंदा, गेलं वर्षभर डोळे पुसते की लेक देशाच्या टोकाला दिली! बदनापूरहून पुण्याला जायचं तर गाडी सात तास घेते. म्हणजे ज्योत्स्ना पुण्याच्या निम्म्यावर आहे. तीस वर्षं मी नवीन जालन्यात ट्रॅव्हल्सच्या काउंटरवर काढली. अंतर मला कोणी शिकवू नये. अंतर किलोमीटरमध्ये नसतंच, तासांत असतं.

हे सगळं मी जेवताना जरा मोठ्यानेच बोललो. सकाळी भाकरी खाऊन निघालं तर दुपारचं जेवण लेकीकडे, असंही म्हणालो. तिथं चुकलं.

बेबीनंदाने पातेलं खाली ठेवलं. ‘इतकं जवळ हाय तर मंग जा अन् घेऊन या तिला.’

ज्योत्स्नाला सहावा सरत आला. पहिलं बाळंतपण माहेरी, हे ठरलेलंच. आणि सासरहून लेकीला आणायला माहेरचा माणूस जायचा — मुराळी — हेही ठरलेलं. माझ्या मनात भारत होता. तरणा आहे, इंग्रजी येतं. पण तो बियाणं कंपनीत, त्याला मार्चपर्यंत सुट्टी नाही. आणि मी साठी ओलांडलेला, विमान फक्त खालून पाहिलेला. हात दाखवून अवलक्षण, दुसरं काय!

५ जानेवारी, सोमवार

जालन्याला धावपट्टीवर जाऊन आलो. म्हटलं, आठवड्यातून किती फेऱ्या, सुटायची वेळ काय, विचारून ठेवावं. फाटकावर एक वॉचमन उन्हात बसला होता. मी तेजूच्या विमानाचं विचारलं.

‘कुठलं?’

‘तेजू. अरुणाचल.’

तो उठून उभाच राहिला. ‘काका, हितून पुन्याला विमान न्हाई, तुम्ही कुठलं तेजू घेऊन बसले? कव्हा मवा एखांद्या साहेबाचं येतं, तेबी उतरलं की जातं.’

मी मोबाइल दाखवला. लाल कमान दाखवली. त्याने डोळ्याजवळ धरून नीट वाचलं. ‘टाइम तर दिलेला हाय,’ म्हणाला. मग आम्ही दोघंही रिकाम्या आभाळाकडे थोडा वेळ पाहत राहिलो.

संध्याकाळी भारतला धरलं. तो म्हणतो, ‘पप्पा, ती साइट नुसती मोजते. कुठलेबी दोन विमानतळ टाका, मधलं अंतर सांगते. विमान हाय का न्हाई, त्याच्याशी तिला काही घेणं न्हाई.’

अरे वा! म्हणजे फलकावर वेळ लिहायची आणि गाडी ठेवायचीच नाही! आमच्या काउंटरवर असं केलं असतं तर लोकांनी काच फोडली असती. आमच्याकडे वेळ लिहिली की गाडी असायचीच. उशिरा असायची, एसी बंद असायचा, पण असायची. रागाच्या भरात त्या साइटवर जालना ते जालना टाकून पाहिलं. अंतर शून्य किलोमीटर. प्रवास तीस मिनिटं! भारत म्हणतो, उडायचे-उतरायचे धरतात. मी म्हटलं, उडायचंच कशाला, माणूस तिथंच आहे ना!

६ जानेवारी, मंगळवार

बेबीनंदाला अजून सांगितलेलं नाही. तिने मात्र गल्लीतल्या कांताबाईंना तीन तास अठरा मिनिटं सांगून टाकलं आहे. म्हणजे आता ते सगळ्या बदनापूरला माहीत आहे.

९ जानेवारी, शुक्रवार

फुटलं. ज्योत्स्नाचा फोन आला होता. ‘जय भीम पप्पा, जालन्याहून विमान सुरू झालं म्हणे?’ आणि हसत सुटली. स्पीकर चालू होता.

मग ती समजुतीने म्हणाली, ‘मी येते ना एकटी. तीनदा आले-गेले. पप्पांना कशाला त्रास?’ पोरगी शेतीत एम.एस्सी. आहे, तिथल्या कृषी केंद्रात डोंगर चढून लोकांना मोहरी दाखवते. तिला मुराळी कशाला, हे मलाही पटत होतं. मी मान डोलवायला सुरुवातही केली होती.

बेबीनंदाने फोन हातात घेतला. ‘पैलं बाळंतपन हाय. पैल्या खेपेची लेक एकटी दारात आली म्हंजे लोक काय म्हनत्यात, ठाव हाय? सासरी भांडून आली म्हनत्यात. तुला न्हाई पडली, जावयाला बट्टा लागंल.’

‘आई, इथून कोण बघणार हाय?’

‘हितं मी बघनार हाय.’

जावई संघपाल तिथल्या शाळेत गणित शिकवतात, त्यांना परीक्षांमुळे रजा नाही. आणि डॉक्टरांनी सांगितलंय, फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत काय ते करा, मग विमानवाले घेत नाहीत. म्हणजे मीच.

१७ जानेवारी, शनिवार

तिकिटं काढली. तेजू पूर्वेला. म्हणून आधी पश्चिमेला संभाजीनगर. तिथून विमानाने आणखी पश्चिमेला मुंबई. पुढं समुद्र लागतो म्हणून थांबायचं. मग मागे वळून गुवाहाटी, आणि तिथून लहान विमान तेजूला. नागपूरला जाणाऱ्याला मी पुण्यामार्गे तिकीट दिलं असतं तर? मुंबई-गुवाहाटी विमान, भारत म्हणतो, साधारण आपल्याच भागावरून जातं.

बेबीनंदा म्हणाली, ‘मंग हितंच चढा की.’ तिचं काही चुकत नाही.

आणखी एक. अरुणाचलला जायला परवाना लागतो. आपल्याच देशात! फोटो, आधार, येण्याचं कारण. संघपाल ऑनलाइन काढताहेत. कारणात पर्यटन आहे, नोकरी आहे, व्यापार आहे. मुराळी नाही. ‘नातेवाइकांची भेट’ टाकलं. भेटीला कोण चाललंय? मी आणायला चाललोय!

१ फेब्रुवारी, रविवार

उद्या निघायचं. बॅगेत तिळाचे लाडू, बाजरीचं पीठ, ज्योत्स्नाला ठेचा, शेजाऱ्यांना द्यायला मोसंबी, जावयाला शर्टाचं कापड. रिकाम्या हाताने मुराळी जात नाही. येताना ज्योत्स्नाने नेसायची हिरवी साडीही बेबीनंदाने आजच दिली आहे — डोहाळजेवण पंधरा तारखेला, गल्लीला सांगून झालं.

बेबीनंदाने सूचना दिल्या. पोरीला खिडकीला बसवू नका, वारा लागतो. मी म्हटलं, विमानाची खिडकी उघडत नाही. ‘तुम्हाला काय म्हाईत, तुम्ही बसले हुते का?’ बरोबर आहे.

मला झोप येईना झाली आहे. भीती वाटते, हे इथं लिहायला हरकत नाही.

२ फेब्रुवारी, सोमवार

बसलो. उडालं. मेलो नाही!

संभाजीनगरला ठेचा गेला. बॅग तपासणारा म्हणाला, ‘ये क्या है?’ मी म्हटलं, चटणी. त्याने झाकण उघडलं, हुंगलं, शिंकला. बाजूचा शिंकला. ठेचा बाजूला ठेवला. भाकरी असती तर तिथंच जेवले असते.

मुंबईहून उडाल्यावर मी हवाई सुंदरीला दोनदा विचारलं, जालना आलं का. दुसऱ्यांदा ती म्हणाली, ‘सर, आप सो जाइए.’ गुवाहाटीला उतरलो तर पाच-सव्वापाचलाच अंधार. म्हटलं घड्याळ बंद पडलं. नाही, सूर्यच गेला होता.

विमानतळाजवळ लॉजवर उतरलो आहे. उद्या सकाळी तेजू. दुपारी लेकीच्या हातचं जेवण.

३ फेब्रुवारी, मंगळवार

गुवाहाटीतच.

सकाळी साडेसातला काउंटरवर होतो. माझ्यासारखे वीसेक जण. वेळ झाली, टळली. लोक चुळबुळ करू लागले. काउंटरवरच्या मुलीने मान वर न करता सांगितलं, ‘फ्लाइट निकल चुकी है सर, रास्ते में है. बस पाँच मिनट.’

हे वाक्य! हे वाक्य मी तीस वर्षं बोललोय! गाडी निघाली, रस्त्यात आहे, इथं जवळ नाव्ह्यापर्यंत आली, बसा पाच मिनिटं. हे वाक्य आलं की गाडीचा ड्रायव्हर अजून दाढी करतोय, हे मला कळतं. मी आजूबाजूच्यांना शांतपणे सांगितलं, नाश्ता करून घ्या, विमान जागेवरून हललेलं नाही. एक फौजी म्हणाला, ‘आपको कैसे पता?’ मी म्हटलं, पोरीने ‘बस’ म्हटलं, ‘बस’ म्हटलं की दीड तास.

दीड तासाने रद्द झाल्याचं सांगितलं. तेजूला धुकं. त्यानंतर सगळे मलाच विचारायला लागले! उद्या जाईल का अंकल, सामान परत घ्यायचं का अंकल. काउंटरवर ती मुलगी एकटी, भोवती ओरडणारे वीस. माझ्याच्याने राहवेना. मी बाजूला जाऊन उभा राहिलो आणि तिला शिकवलं — रद्द असा शब्द आधी काढायचा नाही. आधी म्हातारे आणि लेकरंवाले यांना खुर्ची द्यायची, मग पाणी, मग बातमी. तिने तसं केलं. निम्मे लोक गप्प बसले. जाताना मला फुकट चहाचं कुपन दिलं.

बेबीनंदाला फोनवर सांगितलं, विमान रस्त्यात आहे. सवय.

४ फेब्रुवारी, बुधवार

हे उद्या मलाच खरं वाटणार नाही म्हणून आजच लिहून ठेवतो.

विमान आलं. बसलो. उडालं. खाली मोठी नदी, मग ढग, मग एका बाजूला बर्फाचे डोंगर. पायलट काहीतरी बोलला, शेजारचा फौजी म्हणाला, तेजूवर आलो. नंतर फोनवर कळलं, ज्योत्स्नाला आवाज ऐकू आला. ती क्वार्टरच्या अंगणात येऊन उभी होती, वर बघत. मी वरून खाली बघत होतो. मध्ये ढग. विमानाने एक चक्कर मारली. दुसरी मारली. मग नाक वळवलं आणि परत गुवाहाटी!

लेकीच्या डोक्यावर दोन चकरा मारून बाप परत. आमच्या कोणत्याही ड्रायव्हरने, कितीही प्यालेला असो, गावाच्या वेशीवरून गाडी माघारी आणलेली नाही.

काउंटरवर तीच मुलगी. मला पाहून आधी खुर्ची दिली. मग पाणी. मी म्हटलं, बेटी, मला नको, मला माहीत आहे पुढं काय आहे.

५ फेब्रुवारी, गुरुवार

आज काउंटर उघडलंच नाही.

६ फेब्रुवारी, शुक्रवार

सकाळी लॉजच्या दारावर थाप. उघडतो तर संघपाल! जावई! रात्रभर रेल्वेने आलेले, केस विस्कटलेले.

‘जय भीम मामा. चला. ज्योत्स्नाने तुम्हाला आनायला पाठवलंय.’

उलटी गंगा! लेकीला आणायला निघालेल्या मुराळ्याला आणायला जावई मुराळी! मला हसू आलं आणि त्याच वेळी जमिनीने पोटात घ्यावं असं झालं. मी विचारलं, तुम्ही कसे आलात? म्हणाले, शाळेतून कसेबसे दोन दिवस मागून घेतले; तेजूहून सुमो, तिनसुकियाहून रेल्वे. आम्ही कायम तसंच येतो-जातो.

‘मग मला आधी का नाही सांगितलं?’

‘तुम्ही विमान म्हनले मामा. सासऱ्याचा शब्द कसा मोडावा?’

बेबीनंदाला सांगणं भाग होतं. तिने सगळं पुन्हा एकदा सांगायला लावलं. मग म्हणाली, ‘आता हे मी कुनाला सांगायचं, अन् कोन्त्या तोंडानं?’

८ फेब्रुवारी, रविवार

पोचलो. रेल्वे, मग सुमो, मग संपता संपेना असा नदीवरचा पूल, मग पुन्हा रस्ता. हाडं खिळखिळी. बाळंतपणाच्या बाईला या रस्त्याने आणणं शक्य नाही, एवढं मात्र कळलं. विमानच पाहिजे.

ज्योत्स्ना दारात उभी होती. मला पाहून हसायला लागली, आणि हसता हसता ओढणीने डोळे पुसले. पोट आता चांगलं दिसतं. पाय सुजलेत. चेहऱ्यावर बेबीनंदा आली आहे, हनुवटीपाशी. मी बॅग खाली ठेवली. म्हटलं, ठेचा होता, संभाजीनगरला ठेवून घेतला. ती म्हणाली, ‘आत तर या पप्पा.’

घर छान आहे. मागं संत्र्याची झाडं, समोर डोंगर. शेजारच्या मिश्मी, म्हणजे इथल्याच जमातीच्या, बाई मोसंबी घेऊन गेल्या, बदल्यात टोपलीभर संत्री ठेवून गेल्या. आता मोसंबीवाल्या जिल्ह्यात संत्री घेऊन जावं लागणार.

पाचला दिवे लावले. बेबीनंदाला फोन केला, म्हटलं इथं अंधार पडला. ‘हितं ऊन हाय. वाळवन अजून गच्चीवर हाय. काय पन सांगता!’ त्या साइटवर लिहिलं आहे — दोन्ही ठिकाणच्या वेळेत फरक नाही.

परतीचं विमान बुधवारचं.

११ फेब्रुवारी, बुधवार

ज्योत्स्ना हिरवी साडी नेसली. बॅगा भरल्या. संघपालनी दाराबाहेर येऊन निरोप दिला, शेजारच्या बाईंनी तिच्या हातात कसलीशी पानं दिली. मी मुराळ्याच्या रुबाबात पुढं बसलो. विमानतळ लहान, पण लख्ख. कर्मचारी हजर, माणसं हजर, सामान हजर. विमान सोडून सगळे वेळेवर.

दुपारी परत घरी. साडी घडी करून ठेवली. आता तिकीट शुक्रवारचं.

१२ फेब्रुवारी, गुरुवार

आज विमान आलं. आवाज ऐकून आम्ही दोघंही अंगणात पळालो. अगदी वेळेवर आलं आणि वेळेवर गेलं. आमचं तिकीट उद्याचं.

१३ फेब्रुवारी, शुक्रवार

विमानात बसायला डॉक्टरांची ताजी चिठ्ठी लागते म्हणून सकाळी तिघंही दवाखान्यात गेलो. पाच मिनिटांचं काम, तिथून थेट विमानतळ. बॅगा गाडीतच होत्या.

पाच मिनिटांचं काम नव्हतं. डॉक्टरीणबाईंनी सोनोग्राफी केली, परत केली, मग संघपालना आत बोलावलं. मी बाहेर. बाहेरच्या बाकावर मी हिरव्या साडीची पिशवी मांडीवर घेऊन बसलो होतो आणि विमानाच्या वेळेकडे बघत होतो. लाज वाटते आता. तोवर मला एवढंच वाटत होतं की विमान चुकेल.

वार, म्हणजे बाळाला पोसणारी नाळेची गादी, खाली आहे. बाळाच्या वाटेत. प्रवास बंद — विमान, रेल्वे, सुमो, काही नाही. चालणंसुद्धा मोजकं. रक्त गेलं तर ताबडतोब यायचं. बाळंतपण बहुधा ऑपरेशननेच, आणि इकडेच. डॉक्टरीणबाई समजावून सांगत होत्या, घाबरायचं कारण नाही, सांभाळलं की सगळं नीट होतं. मी विचारलं, आणि परवा विमान आलं असतं, आम्ही बुधवारी निघालो असतो, तर? त्या म्हणाल्या, बरं झालं नाही निघालात.

म्हणजे ज्याला मी आठवडाभर शिव्या घालत होतो, त्या न आलेल्या विमानाने पोरीला वाचवलं असेल कदाचित. कोणाला काय म्हणावं?

मला भीती वाटते आहे. विमानाची वाटत होती तशी नाही.

१४ फेब्रुवारी, शनिवार

बेबीनंदाला सांगितलं. सगळं. या वेळी रस्त्यात आहे वगैरे काही नाही.

तिने एकच विचारलं. ‘पोरगी भ्याली का?’

‘नाही.’

‘खोटं बोलू नका.’

‘भ्यालीये.’

फोन बंद झाला. परत केला तर उचलला नाही. डोहाळजेवण रद्द झाल्याचं गल्लीत भारतने सांगितलं म्हणे.

१६ फेब्रुवारी, सोमवार

संघपाल शाळेत, मी घरात. ज्योत्स्नाने पलंगावरून उठायचं नाही, ही जबाबदारी माझी. पाणी, गोळी, फळ, जेवण, सगळ्याच्या वेळा ठरवून दिल्या. वेळ झाली की मी दारात उभा राहून सांगतो. आज ती म्हणाली, ‘पप्पा, तुम्ही मला दर दोन तासाला अनाउन्स करून राह्यले. मी गाडी हाय का?’

स्वयंपाकही मीच. पिठलं केलं. बेसन जास्त झालं, मग पाणी जास्त झालं, मग पुन्हा बेसन. शेवटी पातेलंभर झालं. शेजारच्या बाईंना दिलं. त्यांनी हसून घेतलं आणि त्यांचं कुत्रं दिवसभर आमच्याकडे फिरकलं नाही.

दुपारी ज्योत्स्ना भिंतीकडे तोंड करून पडली होती. मला वाटलं झोपली. खांदे हलत होते. मी जवळ जाऊन बसलो. काय होतंय, डॉक्टरांना बोलवू का, दुखतं का — सगळं विचारून पाहिलं. मान हलवत राहिली. मग लहानपणी बोलायची तशा आवाजात म्हणाली, ‘आई पायजे.’

एवढंच. डोंगर चढून लोकांना शेती शिकवणारी माझी पोरगी. मी तिच्या डोक्यावरून हात फिरवला, पण तो माझा हात होता. तिला तो नको होता. याचं वाईट वाटलं असं नाही, पण कळलं.

संध्याकाळी बेबीनंदाला फोन लावला. उचलला नाही. मग भारतला विचारलं, आईला आणून सोडतोस का? त्याची सुट्टीची तीच रड. संघपाल म्हणाले, मी जातो आणायला. पण ते गेले आणि इकडे काही झालं तर? मी गेलो तर? मी एकदा निघालो की पोचतो कधी हे सगळ्यांनी पाहिलं आहे.

१८ फेब्रुवारी, बुधवार

सहज ती साइट उघडली. अजूनही तीन तास अठरा मिनिटं. खाली विचारतात, ही माहिती उपयोगी वाटली का? पाच चांदण्या. मी एक दिली. लगेच उत्तर आलं — आभारी आहोत, तुमचा प्रवास सुखाचा होवो!

२० फेब्रुवारी, शुक्रवार

भारत काहीतरी लपवतो आहे. आई कुठं आहे विचारलं तर म्हणतो जालन्याला बाजारात गेली. काल काय, तर काल पण बाजारात. डिंक, खोबरं, अळीव घेतलं म्हणे. कुरिअर करणार असेल. कुरिअर इथं पंधरा दिवसांनी येतं, तेव्हा लाडू दगड झालेले असतात, हे त्याला सांगितलं. तो म्हणाला, ‘पप्पा, तुम्ही बिलकुल टेन्शन घेऊ नका.’ हा मुलगा असं म्हणाला की मला टेन्शन येतं.

ज्योत्स्ना आज नीट जेवली नाही.

२१ फेब्रुवारी, शनिवार

कोणीच फोन उचलत नाही. दोघंही नाहीत. दिवसभर.

२२ फेब्रुवारी, रविवार

दुपारी विमान वेळेच्या दहा मिनिटं आधी उतरलं. आवाज ऐकला, पण आता मी अंगणात जात नाही. अर्ध्या तासाने दारात रिक्षा थांबली आणि बेबीनंदा उतरली. हातात दोन पिशव्या. संभाजीनगर, मुंबई, गुवाहाटी, तेजू. सोबत कोणी नाही. परवान्याचं संघपालना ठाऊक होतं, मला नाही.

माझ्याकडे न बघता आत गेली. आतून दोघींचा रडण्याचा आवाज आला, मग थोड्या वेळाने हसण्याचा. मी बाहेर पिशव्या धरून उभा.

पदर खोचत बाहेर आली तेव्हा म्हणाली, ‘तिला माह्याजवळच आनायचं हुतं ना? मी हाय आता हितं. बाळंतपन होऊन सव्वा म्हयना होईस्तोवर हलत न्हाई. तुम्ही घरी जा, भारत तिकडं वडापाव खाऊन राह्यला.’

माझं तिकीट बुधवारचं काढलं आहे. रेल्वेचं.